चार तासांचं एक क्रेडिट

माझी भाची बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली की पहिले दोन दिवस नुसती झोपते. तिसऱ्या दिवशी फराळाच्या ताटापलीकडून माझा हात ओढते आणि मनगटापासून कोपरापर्यंत शिरा दाबून बघत बसते. “मामा, तुझ्या शिरा काय मस्त आहेत रे!” साठीकडे झुकलेल्या माणसाचं इतकं मनापासून कौतुक दुसरं कोणी करत नाही.

यंदा तिने मला क्रेडिटचा हिशेब सांगितला. वर्गात बसून आठवड्याला एक तास व्याख्यान ऐकलं, की सत्राअखेर एक क्रेडिट. स्किल लॅबमध्ये पुतळ्यावर सराव केला, तर तेवढ्याच क्रेडिटसाठी दोन तास. आणि वॉर्डात खऱ्या रुग्णाजवळ काम केलं, तर चार तास. “म्हणजे बसून ऐकलं तर एक आणि उभं राहून केलं तर चार. भाव एकच,” पायाचे घोटे चोळत ती म्हणाली.

हा काही तिच्या कॉलेजचा नियम नाही. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला, त्यातलं हे कोष्टक आहे. महाराष्ट्रात ही पदवी प्रामुख्याने देतं नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली ते सुरू झालं आणि राज्यभरातली नर्सिंगची बहुतेक पदवी महाविद्यालयं त्याच्याकडे आली. (एएनएम आणि जीएनएम हे पदविकेचे कोर्स विद्यापीठाकडे नाहीत, त्यांचं मंडळ वेगळं. प्रवेशाच्या दिवसांत पालकांची इथे हमखास गल्लत होते.) इंजिनिअरिंगलाही थोडंफार हेच आहे. तंत्रशिक्षण परिषदेच्या आराखड्यात प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक क्रेडिट.

ऐकून मला आधी रागच आला. आपल्याकडे जिभेचं काम वरचं आणि हाताचं खालचं, हे जुनं दुखणं विद्यापीठाच्या कोष्टकातही शिरलं की काय? पण मग मला माझं फिटिंगचं वर्कशॉप आठवलं.

पहिल्या वर्षी आम्हाला लोखंडाचा चौकोनी तुकडा देत आणि शेगड्यात धरून कानशीने सपाट करायला सांगत. ऐकायला सोपं. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना सोडायचा, कारण कानशीचे दात एकाच दिशेने कापतात. एवढं ऐकायला पाच मिनिटं पुरतात. पण नवख्याचा हात झोका घेतो. कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग फुगतो. मग निदेशक काही न बोलता जॉब उचलत, त्यावर गुण्या टेकवत आणि खिडकीच्या उजेडासमोर धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची चीर दिसली, की जॉब परत. मला तीन आठवडे उजेड दिसत होता. चौथ्या आठवड्यात दिसेनासा झाला, आणि नेमका काय बदल केला हे मला आजही सांगता येणार नाही. हाताला वेळ लागतो. त्या अर्थाने चौपट तासांचं कोष्टक खरंच बोलतं.

मात्र वर्कशॉपमध्ये एक सोय असते. लोखंड चूक लपवत नाही. निदेशक चहाला गेले असले तरी गुण्या आणि खिडकी जागेवर असतात.

वॉर्डात ती खिडकी नसते. शिरेत कॅन्युला घालताना सुईमागच्या पारदर्शक कप्प्यात रक्त दिसलं, की विद्यार्थिनीला वाटतं, जमलं. पण तिथून सुई आडवी करून किंचित पुढे न्यायची, मग सुई स्थिर धरून नळी सरकवायची, हे पुढचे काही सेकंद खरे. तिथे चुकलं तर कधी लगेच कळतं, तर कधी सलाइन सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने हात सुजतो, तेव्हा. तोवर विद्यार्थिनीची ड्यूटी संपलेली असते. वर आपला रुग्ण भिडस्त. दुखलं तरी “असू दे बाई, शिकतेयस,” म्हणतो. चूक दाखवायला मग शेजारी ट्यूटरच उभी लागते, आणि कोष्टकात तिच्यासाठी रकाना नाही.

पुतळ्यांची लोक चेष्टा करतात, ती मला पटत नाही. पुतळ्याची शीर ठरलेल्या जागी असते आणि म्हाताऱ्या माणसाच्या शिरेसारखी बोटाखालून सरकत नाही, हे खरं. पण सीपीआर दुसरीकडे कुठे शिकणार? छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, तीस दाबांनंतर दोन श्वास. जिवंत माणसावर याचा सराव करताच येत नाही. इथे पुतळा वॉर्डापेक्षा चांगला गुरू. क्रम अंगवळणी पाडणं आणि भीती घालवणं, एवढं काम तो चोख करतो. स्पर्श मात्र शिकवत नाही.

स्पर्शासाठी रुग्ण हवेत, आणि गाडं अडतं ते इथे. परिचर्या परिषदेचं प्रमाण एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असं आहे. म्हणजे तीस जणांची तुकडी पोस्टिंगला गेली तर नव्वद रुग्ण हवेत. खाटा नव्हेत, रुग्ण. तपासणीच्या दिवशी खाटा भरलेल्या आणि एरवी गाद्या गुंडाळून ठेवलेल्या, असं एक रुग्णालय मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथल्या मुलींची केस बुकं मात्र भरगच्च होती. एकीने लिहायचं, बाकीच्यांनी आदल्या रात्री उतरवून काढायचं. विद्यापीठ वही तपासू शकतं, हजेरी तपासू शकतं. पदवी हातात पडण्याआधी प्रत्येक विभागातली प्रात्यक्षिक हजेरी शंभर टक्के हवी, असा नियमही आहे. हात कोण तपासणार? परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेला परीक्षक, दिवसभरात जमेल तेवढा.

भाचीला अजून शेवटचं सत्र गाठायचं आहे. ते जवळजवळ सगळं इंटर्नशिपचं असतं. बावीस आठवडे, आठवड्याला ४८ तास, म्हणजे एकूण १०५६ तास. त्याची क्रेडिट बारा.

मुलीला किंवा मुलाला नर्सिंगला घालायचा विचार असेल, तर कॉलेजची इमारत आणि स्किल लॅबचे पुतळे जरूर बघा, पण तेवढ्यावर फी भरू नका. मुलं ज्या रुग्णालयात पोस्टिंगला जातात तिथे एखाद्या साध्या मंगळवारी, आधी न कळवता, भेटीच्या वेळेत जा. किती खाटांवर माणसं आहेत ते मोजा. आणि विद्यार्थिनीच्या हातात सुई असताना तिच्या शेजारी कोण उभं आहे, तेवढं बघून या.