धुराड्यापासून वाळूच्या नळीपर्यंत

आर्णीला रेल्वे नाही. अरुणावतीकाठच्या आमच्या लोकांना गाडी धरायची तर यवतमाळ नाही तर दारव्हा गाठावे लागे, आणि तिथे भेटे ती शकुंतला. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचावा म्हणून टाकलेली ही लहान लाइन. रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर, मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर. कापूस जिकडे जायचा त्या मँचेस्टरहूनच तिचे इंजिन आले होते. 1921 साली बनलेले ते झेडडी जातीचे इंजिन 1923 मध्ये कामाला लागले आणि 15 एप्रिल 1994 रोजी उतरवले गेले. मग डिझेल आले, आणि पुढे गाडीच थांबली.

असे इंजिन तळहातावर मावेल एवढे घडवता येते. जगभर सर्वाधिक चालणारे मॉडेलचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी, ज्याला एचओ म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी 1 एप्रिल 1998 रोजी खुले केलेले लघुरेल्वेचे संग्रहालय याच प्रमाणात आहे. सिग्नल, घाट, पूल आणि रुळांच्या त्या पसाऱ्यासमोर उभे राहिले, की हा छंद किती कष्टाचा आहे हे पटते.

आपल्याकडच्या मोठ्या लाइनचे मॉडेल करणाऱ्याला मात्र एक अडचण कायम छळते. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिला सत्त्याऐंशीने भागले तर एकोणीस मिलिमीटरच्या वर येते, आणि बाजारात तयार मिळणारा एचओ रूळ असतो साडेसोळाचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरसाठी केलेला. म्हणून मोठ्या लाइनवरचे डब्ल्यूपीसारखे देखणे इंजिनही बहुतेक वेळा अरुंद पायांवर उभे करावे लागते. शकुंतलेचे तसे नाही. 762 भागिले 87 म्हणजे पावणेनऊ, आणि नऊ मिलिमीटरचा तयार रूळ सहज मिळतो. लहान लाइन मॉडेलकाराला जास्त प्रामाणिक राहू देते, याचे मला फार अप्रूप वाटते.

खरे काम सुरू होते ते बारकाव्यांपासून. तयार सांगाड्यावर बॉयलरच्या कडेचा हातधरणीचा दांडा बहुधा ओतीव असतो, म्हणजे पत्र्यातून वर आलेली नुसती जाड रेघ. मुळात हा दांडा साधारण 25 मिलिमीटरचा, म्हणजे मॉडेलवर 0.3 मिलिमीटर. ओतीव रेघ पाऊण मिलिमीटरची निघाली, तर खऱ्या इंजिनावर तो 65 मिलिमीटरचा पाइप होईल, ज्याला कुणा फायरमनची मूठ बसणार नाही. म्हणून ती रेघ धारदार पात्याने हळूहळू खरवडायची, खालचा पत्रा बारीक पॉलिश पेपरने सारखा करायचा, हातड्रिलने ओळीत भोके पाडायची. प्रत्येक भोकात पितळी खुंटी, टाचणीच्या डोक्याहून लहान, आणि त्या खुंट्यांतून तार. तार सोनाराकडून ओढून आणलेली उत्तम. सोनाराच्या तारपट्टीच्या लहान लहान भोकांतून ती ओढली की ताठ आणि एकसारखी येते. सोल्डरचा कण ब्लेडच्या टोकावर घ्यायचा, फ्लक्स लावायचा, तापलेली सोल्डरिंगची सळई क्षणभर टेकवायची आणि लगेच उचलायची. जरा जास्त वेळ टेकवली की शेजारची खुंटी सुटते. दांडा आणि बॉयलर यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली की इंजिन एकदम खरे वाटू लागते.

मात्र नळ्या मनाने लावायच्या नाहीत. वाफेच्या इंजिनावर शोभेची नळी एकही नसते. इंजेक्टर बॉयलरच्याच वाफेच्या जोरावर पाणी बॉयलरमध्ये ढकलतो. त्याची नळी इंजेक्टरपासून निघून पाणी उलटे येऊ न देणाऱ्या झडपेपाशीच संपली पाहिजे. वाळूच्या पेटीची नळी चाकापुढे रुळाला जवळजवळ टेकते, कारण ओल्या रुळावर चाक घसरले की तिथेच वाळू पडायला हवी. ती दोन मिलिमीटर मागे वाकली तर सुंदर दिसेल, पण मुळात पावणेदोनशे मिलिमीटर चुकेल. सेफ्टी व्हॉल्व्ह, शिट्टी, व्हॅक्यूम ब्रेकचा रबरी पाइप, धूरपेटीच्या दारावरच्या मुठी, सगळ्यांचा हिशेब असाच. माझ्या मते बारकावे भरणे म्हणजे यंत्र समजून घेणे. ज्याला नळीचे काम माहीत नाही त्याने ती बसवायची घाई करू नये.

रंगाचेही तसेच. निखळ काळा रंग मारला तर आकाराचे सगळे कंगोरे बुडतात. काळ्यात थोडा राखी मिसळायचा, खालच्या अंगाला धूळ आणि तेलाची झाक, कोळशाच्या जागी खरा कोळसा कुटून.

मापे कुठून आणायची? नागपूरला मोतीबागेत 2002 साली सुरू झालेले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथली वाफेची इंजिने याच 762 मिलिमीटरच्या कुळातली. झेडडी नसली तरी नळी कुठून कुठे जाते, रिव्हेटच्या ओळी कशा पडतात, हे डोळ्यांनी पाहता येते. बाकी आधार छायाचित्रांचा. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही रूळ दिसत असतील तर त्यांच्यातले 762 मिलिमीटर हीच पट्टी. तिच्यावरून बफरची उंची, धुराड्याचा घेर, सगळे मोजता येते. बाजूने काढलेल्या फोटोला उभ्या माणसाची उंची कामी येते, अर्थात तो इंजिनाला लागून उभा असेल तर.

फोटोत डावी बाजू असते तेव्हा उजवी नसते, ही मोठी गोची. तिला उपाय माणसेच. 1994 साली तिशीत असलेला फायरमन आज साठीच्या पार आहे. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरात असे कुणी असेल, त्यांनी जुना फोटो समोर ठेवून विचारून घ्यावे: दुसऱ्या बाजूला इंजेक्टर होता का, वाळू हाताने सोडायची की वाफेने, शिट्टीची तार केबिनमध्ये कुठून यायची, कंदील कुठे टांगायचा. आणि उत्तरे त्याच फोटोच्या मागे, बाण काढून, पेन्सिलीने लिहून ठेवावीत.