शुभ बोल रे नाऱ्या!

मंगल कार्याच्या वेळी तोंडातून अभद्र काढू नये, हा आपल्या घरांतला अलिखित कायदा आहे. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हटल्याबरोबर ‘मांडवाला आग लागली’ असे सांगणाऱ्या नाऱ्याला आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो आहोत. मांडव खरोखरच पेटला होता की काय, याची चौकशी मात्र कोणी केलेली नाही! प्रवास रद्द होण्याचा विमा विकणारे गृहस्थ या नाऱ्याचे सख्खे भाऊ म्हणायला हरकत नाही. घरात सहलीचे बेत रंगात आलेले असतात, मुलांनी बोटीवरल्या पोहण्याच्या तलावाची चित्रे पाठ केलेली असतात, आणि हे गृहस्थ शांतपणे विचारतात, “समजा, निघण्याच्या आठ दिवस आधी घरात कोणाला काही झालं तर?”

आमच्याकडे हा प्रश्न आला तो सिंगापूरच्या क्रूझमुळे. सिंगापूरहून बोटीत बसायचे, पेनांग आणि फुकेत पाहून चार रात्रींनी परत यायचे, असा बेत होता. जाणारी माणसे पाच: मी, आमची सौ., महाविद्यालयात शिकणारे चिरंजीव, नववीतली कन्या आणि शहात्तर वर्षांची आई. शिवाय न येणारे, पण या हिशेबात येणारेच असे एक सहावे माणूस होते. माझे सासरे. ते साताऱ्यास असतात, वय ब्याऐंशी, हृदय नाजूक.

आगगाडीचे तिकीट रद्द केले तर थोडे पैसे कापले जातात आणि आपण हळहळून गप्प बसतो. आगबोटीच्या सफरीचा मामला निराळा. येथे जाण्याचा दिवस जसजसा जवळ येतो तसतसा दंड चढत जातो. अडीच-तीन महिने आधी रद्द केले तर इसाऱ्याची रक्कम जाते. पुढे निम्मे, मग पाऊण, आणि अखेरच्या दोन-चार आठवड्यांत सगळेच. नेमके दिवस व टक्के प्रत्येक कंपनीचे वेगळे. ते कराराच्या बारीक अक्षरांत असतात. बोटीत पाऊलच टाकले नाही तर बंदराचे कर बहुधा परत मिळतात, आणि विमानाच्या तिकिटातलाही करांचा काही भाग सुटतो. बाकीच्यावर पाणी.

मी कागद घेऊन बसलो. माणशी क्रूझचे पासष्ट हजार, विमानाचे चाळीस हजार, हॉटेल, व्हिसा वगैरे पंधरा हजार. एकूण एक लाख वीस हजार. त्यांतले वीस हजार सुटतील असे धरले, तरी ऐन वेळी बेत मोडल्यास माणशी एक लाख बुडणार. पाच माणसांचे पाच लाख! मराठीच्या प्राध्यापकाने अलंकार शिकवावेत हे खरे, पण पाच लाखांपुढे अतिशयोक्ती सुचत नाही.

समुद्राची जोखीम ही काही आजची नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीत रानावनातून जाणाऱ्या ऋणकोला शेकडा दहा, तर समुद्रावर जाणाऱ्याला शेकडा वीस व्याज सांगितले आहे. म्हणजे पाण्यावरचा धोका दुप्पट, हा हिशेब आपल्या पूर्वजांनी मांडलेला होता. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात जहाजांचे विमे उतरवणारी मंडळी जमू लागली आणि त्यातूनच लॉइड्सचा जगप्रसिद्ध बाजार उभा राहिला. तेव्हा विमा मालाचा आणि जहाजाचा होता. आज तो आपल्या सुटीचा झाला आहे, एवढाच फरक.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘प्रवास रद्द झाल्यास भरपाई’ हे शब्द वाचून आपली समजूत होते, की गेलो नाही तर पैसे परत. तसे मुळीच नाही. ही भरपाई म्हणजे कारणांची एक यादी असते. प्रवाशाचा किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, इस्पितळात दाखल व्हावे लागेल असा आजार वा अपघात, नैसर्गिक आपत्ती, अशी पाच-दहा कारणे. आपले कारण यादीत असेल तर पैसे. नसेल तर सहानुभूती. मन बदलले, कचेरीतून रजा मिळाली नाही, व्हिसा नाकारला, परीक्षेची तारीख पुढे गेली, ही कारणे बहुतेक याद्यांत नसतात.

म्हणून पॉलिसी वाचण्यापूर्वी आपले घर वाचावे, असे माझे मत झाले आहे. आपली सहल कोण थांबवू शकेल? एकेका माणसाचे नाव घेऊन हा प्रश्न विचारावा, आणि मग ते माणूस आणि ते कारण यादीत कोठे बसते ते पाहावे.

आमच्या घरात पहिले नाव चिरंजीवांचे निघाले. विद्यापीठाचे वेळापत्रक कधी सरकेल हे सांगणारा ज्योतिषी अजून जन्मायचा आहे. यावर विमा नाही. उपाय एकच, तारीखच परीक्षेपासून दूर धरावी. व्हिसाचेही तसेच. तो शक्य तितका लवकर, मोठी रक्कम भरण्यापूर्वी मिळवावा.

दुसरे नाव सासऱ्यांचे. ते येणार नव्हते, पण त्यांना काही झाले तर आम्ही कसे निघणार? येथे ‘जवळचा नातेवाईक’ या शब्दांची व्याख्या उघडून पाहावी लागते. मी पाहिलेल्या एका पॉलिसीत पती-पत्नी, मुले आणि आईवडील एवढेच जवळचे होते, सासू-सासरे दूरचे! दुसरीत ते जवळचे होते. “बघा, विमा कंपनीलासुद्धा कळतं,” एवढेच सौ. म्हणाली, आणि पहिल्या पॉलिसीचा निकाल लागला. त्या पॉलिसीत रद्द होण्याची मर्यादाही माणशी पाचशे डॉलरचीच होती. डॉलर नव्वद रुपयांना धरला तर पंचेचाळीस हजार. म्हणजे लाखातले पंचावन्न हजार उघडेच. दुसरीत मर्यादा बाराशे डॉलरची, म्हणजे एक लाख आठ हजार. पाचही जणांचा मिळून प्रीमियम सव्वाचार हजारांनी जास्त. मुखपृष्ठावर लाखो डॉलरांचे आकडे असतात ते औषधोपचाराचे; रद्द होण्याचे कलम आत, लहान आकड्याने असते. तोच आकडा आपल्या बुडणाऱ्या रकमेशी ताडून पाहावा.

एजंटाने तिसरा मार्ग सुचवला, तो बोटीच्या कंपनीनेच देऊ केलेल्या संरक्षणाचा. त्यात कारणे सैल होती, पण पैसे हातात न मिळता पुढच्या सफरीसाठी जमा होणार होते, आणि विमानाची तिकिटे त्यात नव्हतीच. शिवाय कंपनीच बुडाली तर? हे अभद्र आहे, पण अशक्य नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये मुंबईहून सुरू झालेली जलेश क्रूझेस ही कंपनी करोनाच्या तडाख्यात २०२०च्या ऑक्टोबरमध्ये बंद पडली आणि तिची ‘कर्णिका’ बोट अलंगला मोडीत निघाली. बुडत्याने दिलेली हमी बुडत्याबरोबरच जाते.

न्यू जर्सीत असणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीचा सल्ला आणखी निराळा. तिकडे ‘कोणत्याही कारणाने रद्द करा’ असे जोडकलम मिळते. इसारा दिल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ते घ्यावे लागते, निघण्याच्या निदान दोन दिवस आधी बेत रद्द करावा लागतो, आणि परत मिळते ते साधारण निम्म्यापासून पाऊणपर्यंत. प्रीमियमही बराच वाढतो. पण तो विमा तेथे राहणाऱ्यांसाठी. इकडून निघणाऱ्याने इकडचीच पॉलिसी घ्यायची, आणि मी चाळलेल्या इकडच्या पॉलिसींत ते कलम मला आढळले नाही. लेक अमेरिकेत आणि आईवडील पुण्यात अशा घरांनी एकत्र क्रूझ ठरवताना हे ध्यानात ठेवावे. एकाच्या छत्रीत दुसरा मावत नाही.

राहिले तिसरे नाव. ते उच्चारायला कोणी तयार नव्हते. आईला मधुमेह आहे आणि तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला आहे. बहुतेक प्रवासी पॉलिसी जुन्या आजाराला रद्द होण्याच्या कलमातून वगळतात. आमचे एक आप्त म्हणाले, “साखरेचं लिहूच नका. कोण बघतंय?” मला ते पटले नाही. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायमूर्तींनी सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याचा निवाडा देताना तत्त्व सांगितले, की विमा हा परम सद्भावाचा करार आहे. जे एकालाच ठाऊक आहे ते त्याने लपवू नये. आपल्याकडेही विम्याचा कायदा याच पायावर उभा आहे. लपवलेला आजार दाव्याच्या दिवशी इस्पितळाच्या कागदांतून बाहेर येतोच, आणि मग खरे दुखणेसुद्धा खोटे ठरते.

तेव्हा मी कंपनीला लेखी विचारले: आईचा जुना आजार जाहीर केला आणि त्याच आजाराने ती येऊ शकली नाही, तर बाकी चौघांचे पैसे मिळतील काय? उत्तर आले, नाही. म्हणजे जी गोष्ट घडण्याचा संभव सर्वांत अधिक, तीच छत्रीबाहेर! पाच लाखांचे भोक तसेच.

त्या रात्री आम्ही नवराबायको स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो. आईला ठेवून जायचे काय, हा विचार दोघांच्याही मनात होता आणि दोघांच्याही तोंडावर येत नव्हता. तेवढ्यात आई पाणी प्यायला आली. बहुधा तिने सारे ऐकले होते.

“माझं वय शहात्तर,” ती म्हणाली. “हृदयात तार आहे, रक्तात साखर आहे. हे कागदावर लिहायला तुम्हांला संकोच का? मला नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “मला सिंगापूर नको. समुद्र पाहिजे. लहानपणी मुंबईहून बोटीनं रत्नागिरीला जायचो, ते पुन्हा एकदा करायचंय.”

कोकणच्या त्या बोटी केव्हाच बंद झाल्या. पण मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करणाऱ्या क्रूझ आज आहेत. आम्ही नवा हिशेब मांडला: माणशी पस्तीस हजार, विमान नाही, व्हिसा नाही. सारेच बुडाले तरी पावणेदोन लाख. लागतील, पण घर कोलमडणार नाही. येत्या डिसेंबरातली लक्षद्वीपची सफर ठरली. कन्या दोन दिवस रुसली, मग कोरल पाहण्याच्या गोष्टी करू लागली. विमा आम्ही देशांतर्गत प्रवासाचा घेतला, आईचे सगळे आजार लिहून. त्याने सासऱ्यांची बाजू झाकली. आईची जोखीम मात्र आम्ही आमच्याच पदरात, डोळे उघडे ठेवून घेतली आहे.

वाचकांच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगून थांबतो. पॉलिसी पहिली मोठी रक्कम भरतानाच घ्यावी. प्रीमियम बहुधा प्रवासाच्या दिवसांवर ठरतो, आणि रद्द होण्याचे संरक्षण सामान्यतः पॉलिसी घेतल्यापासून सुरू होते. विमानतळावर ती घेणाऱ्याला या कलमाचा काय उपयोग? वादळाचे नाव वर्तमानपत्रात छापून आल्यावर घेतलेली पॉलिसीही त्या वादळाला लागू होत नाही.

भीती हे कारण धरले जात नाही. २०२०च्या फेब्रुवारीत जपानमध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ बोटीवरील ३,७११ जणांपैकी ७१२ जणांना करोना झाला. २०२२च्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या बोटीवर ६६ जण बाधित निघाले. अशा बातम्या वाचून जो घाबरून घरी राहतो त्याला सहसा भरपाई मिळत नाही. प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्याला, साथीचे कलम अनुकूल असेल तर, मिळू शकते.

बोट कोणासाठी थांबत नाही. बंदराच्या गावी एक दिवस आधी पोहोचावे. बोट चुकणे आणि सफर अर्ध्यावर सोडणे यांची कलमे वेगळी असतात, तीही पाहावीत.

आणि बेत मोडलाच, तर त्याच दिवशी रद्द करावे, कारण दंड रोज वाढतो. ‘प्रवासास असमर्थ’ असे आजाराच्या तारखेसह डॉक्टरांचे पत्र आणि किती रक्कम कापली त्याची पावती जपून ठेवावी. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, पन्नास लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात आणि फी घेत नाहीत.

दिवाळीत घरोघर माणसे जमतील, चकल्या-करंज्यांबरोबर उन्हाळ्याच्या सहलींचे बेत शिजतील. त्या गप्पांत वडीलधाऱ्यांना त्यांच्या प्रकृतीबद्दल सरळ विचारा. आपण समजतो तितके ते दचकत नाहीत.