कुळीथ रक्त ओळखतो, गाठ बरी करत नाही

भात कापून झालं की आपण महाड-पोलादपूरच्या बायका त्याच ओलीवर कुळीथ टाकतो. घाटावर त्यालाच हुलगा म्हणतात. पिठी, कढण, मोड आणून उसळ, यापलीकडे कुळथाचं काय काम? तर मोठ्या रक्तपेढीत कुळथाच्या दाण्यातून काढलेल्या अर्काची बाटली असते. माणसाचं रक्त ओळखायला तो अर्क वापरतात.

हा विषय आज घेण्याचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या एका गटातल्या ताईंच्या हाताला छातीत गाठ लागली. कुणीतरी त्यांना मोबाईलवरचा निरोप दाखवला: कडधान्यातलं ‘लेक्टिन’ कॅन्सरच्या पेशी शोधून मारतं, कच्च्या कुळथाचं पीठ पाण्यातून घ्या. ताईंनी तीन महिने घेतलं. पोट बिघडलं, गाठ तिथेच. निरोपात निम्मं खरं होतं, म्हणून तर तो पटला.

खरं काय ते बघू. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या बारीक साखळ्या लोंबत असतात, पदराला गोंडे असावेत तशा. ही चहातली साखर नव्हे, तिच्या गोतावळ्यातल्या निरनिराळ्या साखरा. ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरच्या गोंड्यांचेच प्रकार. आणि लेक्टिन म्हणजे बियांमधलं एक प्रथिन. गवतातून चालताना पदराला कुसळं चिकटतात ना, तसं ते गोंड्यांना चिकटतं. फक्त प्रत्येक बीचं कुसळ आपल्या आवडीचाच गोंडा धरतं. त्याला धरायला एकाहून जास्त टोकं असतात, म्हणून दोन-दोन पेशी एकमेकींना जोडल्या जातात आणि पुंजके होतात. जखमेवर रक्त गोठतं ते वेगळं.

ए गटात ए-वन आणि ए-टू असे पोटभेद आहेत. ए-वन पेशींवर ए गटाचे गोंडे दाट, ए-टूवर विरळ. योग्य प्रमाणात पातळ केलेला कुळथाचा अर्क ए-वनचे पुंजके करतो, ए-टूला सोडून देतो. आपल्या मुंबईचं नाव लागलेला ‘बॉम्बे’ रक्तगटही इथेच आठवतो. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली तो जगापुढे मांडला. साध्या तपासणीत हे रक्त ओ वाटतं, पण ओ गटाचं रक्त त्या माणसाला चालत नाही. युरोपातल्या एका काटेरी झुडपाच्या बियांचं लेक्टिन ओ गटाच्या पेशींना धरतं, बॉम्बे गटाच्या पेशींना धरत नाही. तिथे फरक कळतो.

आता कॅन्सर. 1960 च्या दशकात अमेरिकेत दिसलं, की गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन घातलं की कॅन्सरच्या पेशींचे पुंजके होतात, निरोगी पेशींचे तितके होत नाहीत. मोठी आशा वाटली. पण पुढे कळलं, की लेक्टिन निरोगी पेशींनाही चिकटतं. निरोगी पेशींवर प्रथिनं पचवणाऱ्या रसाचा थोडा वेळ प्रयोग केला, तर त्यांचेही पुंजके होतात. म्हणजे गोंडे दोन्हीकडे असतात. ते किती उघडे आहेत आणि पेशीच्या अंगावर किती मोकळे सरकतात, यात फरक पडतो.

शेंगदाण्याचं उदाहरण घ्या. त्याच्या लेक्टिनला आवडणारा गोंडा निरोगी पेशीवर बहुधा दुसऱ्या एका साखरेखाली झाकलेला असतो. अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये साखळी अर्धवट विणली जाते, झाकण राहून जातं आणि आतला गोंडा उघडा पडतो. शेंगदाण्याचं लेक्टिन तिथे जाऊन बसतं. म्हणून प्रयोगशाळेत, काढलेल्या तुकड्यावर, काचपट्टीवर, ते खुणेसारखं वापरतात. चिकटणं म्हणजे बरं करणं नव्हे. पोटात गेलेलं कच्चं लेक्टिन तर आधी आतड्याच्या निरोगी पेशींनाच धरतं. कच्चा राजमा खाल्ला की उलट्या होतात त्या यामुळेच. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खदखदून उकळून पूर्ण शिजवा. एरंडाच्या बीत तर जीवघेणं लेक्टिन असतं. ती मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि कसल्याही औषधाच्या नावाखाली खाऊ नका.

गाठीचं काय करायचं, ते मुंबईतच तपासून झालंय. टाटा रुग्णालयाने 1998 पासून तिथल्या दीड लाखावर बायकांना घेऊन अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. डॉक्टरांनी नव्हे, आपल्यासारख्याच बायकांनी. तिथे कॅन्सर लवकरच्या टप्प्यावर सापडले, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. गाठ, स्तनाग्रातून रक्त, कातडीला खळगा, यातलं काहीही दिसलं तर आशाताईंना सांगा, त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक दुखत नाही.

आमच्या ताई आता मुंबईला उपचारांना जातात. कुळथाची पिठी खाऊ का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. खा म्हणाले, पण नीट शिजवून.