जुन्या रंध्याचे वय कसे ओळखावे?

लाकूड तासून गुळगुळीत करणारा रंधा हे सुताराचे रोजचे हत्यार. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये मात्र जुने लोखंडी रंधे हुडकून, दुरुस्त करून जमविणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. हाती आलेला रंधा किती जुना, हा या मंडळींपुढचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर रंध्यावरच लिहिलेले असते आणि साफसफाईच्या उत्साहात तेच बहुधा पुसले जाते.

लाकडी रंध्यात पाते पाचरीने घट्ट बसविलेले असते. ते किंचित पुढे-मागे करायचे तर हातोडीचे हलके ठोके द्यावे लागतात. आपल्याकडील लाकडी रंध्यांचीही हीच रीत. बोस्टनच्या लिओनार्ड बेली याने ओतीव लोखंडाच्या रंध्यात पात्यामागे एक पितळी चाकी बसविली. ती फिरवताच पाते केसभर पुढे सरकते. बेलीची पेटंटे १८६९मध्ये कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅनले कंपनीने विकत घेतली आणि पुढे हीच रचना जगभर रूढ झाली. संग्राहकांचा सर्वाधिक अभ्यास झाला तोही याच रंध्यांचा.

वय ओळखण्याच्या खुणा अनेक आहेत. पाते ज्या तिरक्या बैठकीवर टेकते, तिला कारागीर 'फ्रॉग' म्हणतात. तिच्या मागे ओतीव लोखंडातच पेटंटच्या तारखा उमटविलेल्या असतात. १९०२मधील दोन आणि १९१०मधील एक अशा तीन तारखा असतील, तर रंधा साधारण १९१० ते १९१८ या काळातला. पुढची मूठ बुटकी असेल तर तो १९१९पूर्वीचा असण्याची शक्यता अधिक. त्यानंतर ती उंच झाली. पात्यावर बदामाची आकृती असेल, तर पाते १९२० ते १९३५च्या सुमाराचे. कंपनीचे प्रमुख विल्यम हार्ट यांच्या आडनावाशी केलेली ही कोटी! दुसऱ्या महायुद्धात पितळेची टंचाई झाली, तेव्हा चाक्या पोलादाच्या वा कडक रबराच्या आल्या आणि शिसवीसारख्या 'रोझवूड'च्या मुठींची जागा रंगविलेल्या साध्या लाकडाने घेतली.

तथापि, या खुणांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. पेटंटची तारीख ही निर्मितीची तारीख नव्हे. रंधा त्याआधीचा नाही, एवढेच ती सांगते. रॉजर स्मिथ यांनी या रंध्यांचे जे 'टाइप' ठरविले, ते नंतरच्या अभ्यासकाच्या सोयीसाठी. कारखान्याला त्यांची गंधवार्ता नव्हती. शिल्लक सुटे भाग तेथे पुढेही वापरले जात. शिवाय पाते झिजले की सुतार दुसरे घाली, मूठ फुटली की दुसऱ्या रंध्याची लावी. त्यामुळे वय ठरते ते एकेका भागाचे, संपूर्ण रंध्याचे नव्हे. केवळ साडेपाच इंच लांबीचा नंबर १ हा रंधा अतिशय महाग विकला जातो. अशा वेळी कोणता भाग मूळचा, याला मोठे मोल येते.

दुरुस्ती करताना नुकसान होते ते याच ठिकाणी. लोखंडावरचा काळा थर हा साधा रंग नसून डांबरयुक्त रोगण भट्टीत भाजून चढविलेला असतो. यंत्रावरच्या तारेच्या ब्रशखाली तो क्षणात निघून जातो आणि पुन्हा तसाच चढविणे घरी जवळजवळ अशक्य. पात्यावरची पुसट मुद्राही सॅंडपेपरने घासली की गेलीच. म्हणून जाणकार आधी सर्व बाजूंची छायाचित्रे घेतात, नंतर सुट्या भागांवर तेल लावून बारीक स्टील वूलने हलक्या हाताने गंज काढतात. व्हिनेगरमध्ये बुडविण्याचा उपाय गुणकारी असला तरी भाग तासन्‌तास विसरून ठेवला, तर आम्ल चांगले लोखंडही खाते.

ज्याला रंधा चालवायचाच आहे, त्याने पाते धारदार करावे आणि काचेवर सॅंडपेपर ठेवून तळ सपाट करावा. तळाचा प्रत्येक बिंदू एका पातळीत आणण्याचा हट्ट मात्र धरू नये. पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागचे टोक जुळले की पुरे. खरेदीपूर्वी तोंडाजवळ बारीक तडा आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. ओतीव लोखंड ठिसूळ असते, एकदा हातातून पडलेला रंधा तेथेच तडकतो, आणि काळ्या थराखाली तो तडा सहजी दिसत नाही.