काऊंटचा वाडा, शहराचं संग्रहालय

मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात, पिनो सुआरेस आणि रिपब्लिका दे एल साल्वादोर हे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर लालसर दगडाचा एक भारदस्त वाडा आहे. त्याच्या कोनाशी, जमिनीलगत, सर्पाचं एक दगडी मुंडकं बसवलेलं आहे. मुंडकं घडवलं अ‍ॅझटेक कारागिरांनी. वाडा बांधला त्यांचं राज्य बुडवणाऱ्यांनी. शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आज याच वाड्यात आहे. त्यातली सर्वांत बोलकी वस्तू मला हे मुंडकंच वाटतं, आणि ते पाहायला दाराच्या आतही जावं लागत नाही.

१५२१ साली अ‍ॅझटेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. स्पॅनिश जेत्यांनी देवळं पाडली आणि त्यांच्याच दगडांवर आपली घरं उभी केली. वाड्यासमोरचा रस्ता म्हणजे तळ्यातून इस्तापालापाकडे जाणारा जुना बांध. ८ नोव्हेंबर १५१९ रोजी याच परिसरात स्पॅनिशांचा सेनानी कोर्तेस आणि अ‍ॅझटेक सम्राट मोक्तेसुमा पहिल्यांदा समोरासमोर आले. कोर्तेसने स्थापन केलेलं इस्पितळ रस्त्यापलीकडे आहे. त्याच्या अस्थी इस्पितळाला लागून असलेल्या चर्चमध्ये ठेवलेल्या आहेत. अशा मोक्याच्या जागी कोर्तेसच्या नात्यातल्या हुआन गुतिएरेस अल्तामिरानो याने सोळाव्या शतकात घर बांधलं. पुढे त्याच्या वंशजांना सांतियागो दे कालिमाया इथले काऊंट हा किताब मिळाला आणि घराण्याचा रुबाब वाढत गेला.

आज दिसतो तो वाडा मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. फ्रान्सिस्को आंतोनियो गेररो इ तोरेस या नावाजलेल्या वास्तुकाराने तो नव्याने बांधला. भिंतींचा लाल दगड म्हणजे तेसोन्त्ले, ज्वालामुखीतून निघालेला, सच्छिद्र आणि वजनाला हलका. मेक्सिको सिटी तळं आटवून झालेल्या मऊ जमिनीवर वसली आहे आणि अजूनही खचते आहे. तिथे हलका दगड वापरणं हे शहाणपण होतं, आणि रंग देखणा हा वर लाभ. छपराचं पाणी जाण्यासाठी वर दगडी तोफांच्या आकाराच्या पन्हळी काढल्या आहेत. आत चौक आहे, चौकात कारंजं आहे आणि कारंज्यावर गिटार वाजवणारी जलपरी कोरली आहे. युरोपातल्या कथेतली ही जलपरी इथल्या चौकात अगदी घरची होऊन गेली आहे.

स्वातंत्र्यानंतर, १८२६ साली, मेक्सिकोने सरदारकीचे किताब रद्द केले. काऊंट गेले, तरी वाडा घराण्याकडेच राहिला. पण एवढा पसारा सांभाळायला पैसा कुठून आणायचा? यथावकाश खोल्या भाड्याने गेल्या, तळमजल्यावर दुकानं थाटली गेली, आणि सरदारांच्या वाड्यात सामान्य माणसांचे संसार सुरू झाले. आपल्याकडच्या कितीतरी वाड्यांचं हेच झालं, म्हणून मराठी वाचकाला हा भाग समजावून सांगायची गरज नाही.

याच काळात वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत होआकिन क्लाउसेल चित्रं काढत होता. कांपेचेचा हा माणूस शिक्षणाने वकील. सरकारविरोधी लिखाणापायी त्याला तुरुंग भोगावा लागला, नंतर परदेश गाठावा लागला. पॅरिसमध्ये तो इम्प्रेशनिस्ट चित्रांच्या प्रेमात पडला. परतल्यावर त्याचं लग्न या घराण्यातल्या मुलीशी झालं. स्टुडिओच्या भिंतींवर तो कुंचले पुसायचा आणि रंगाच्या डागांतून एकेक छोटं चित्र उमटवायचा: चेहरे, प्राणी, समुद्र, झाडी, देवादिकांच्या आकृती. एकाला एक लागून अशी शेकडो चित्रं झाली. विकण्यासाठी किंवा प्रदर्शनासाठी यातलं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्यात विलक्षण मोकळेपणा आहे. १९३५ मध्ये सेंपोआलाच्या तळ्यांवर अपघातात त्याचा मृत्यू झाला.

१९६० च्या सुमारास शहराच्या प्रशासनाने वाडा घेतला आणि १९६४ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. मानववंशशास्त्राचं प्रख्यात राष्ट्रीय संग्रहालयही त्याच वर्षीचं. तिथे गर्दी लोटते. बहुतेक प्रवासी त्याच्यासाठीच दिवस राखून ठेवतात. पण शहर समजून घ्यायचं असेल तर थोडा वेळ या वाड्यासाठी काढावा. दालनांतली प्रदर्शनं बदलत राहतात, त्यांची चिंता करू नये. आधी बाहेरून भिंतीला एक फेरी मारावी, मग चौकातून जिना चढून थेट क्लाउसेलच्या खोलीत जावं, आणि काचेच्या पेट्यांकडे वळायचं ते त्यानंतर.