रात्री झोप लवकर कशी यावी?

विद्यार्थी मित्रांनो, अशी कल्पना करा की तुम्ही परभणी जिल्ह्यातील पिंगळी या गावी राहता. मार्च महिना चालू आहे. उद्या सकाळी दहावीचा गणिताचा पेपर आहे. एरवी तुम्ही अकरा वाजेपर्यंत जागे असता. पण आज घरातल्या सर्वांनी बजावल्यामुळे साडेनऊलाच दिवा मालवून अंथरुणावर पडला आहात. दहा वाजतात. साडेदहा वाजतात. परभणीहून पूर्णेकडे जाणारी एक गाडी स्टेशनावरून धडधडत निघून जाते. तुम्ही कूस बदलता, उशी उलटी करता, डोळे घट्ट मिटता. झोपेचा मात्र पत्ता नाही!

शेजारच्या बाजेवरून आजी म्हणते, "आरं बाळा, झोपंच्या मागं लागू नगंस. ती तिच्या वक्ताला येती."

आजीने शरीरशास्त्राचे पुस्तक वाचलेले नाही. तरीही तिच्या बोलण्यात पुष्कळ तथ्य आहे. हात वर करावा म्हटले की हात वर होतो. पण झोपावे म्हटले म्हणून झोप येत नाही. झोप आणता येत नाही, तिची वाट मोकळी करून ठेवता येते. ही वाट कोणती, ते आज पाहू.

झोपेची भूक

तुम्ही जागे असता तेव्हा मेंदूतील पेशी सतत काम करीत असतात. या कामात ऊर्जा खर्च होते आणि ॲडिनोसिन नावाचा पदार्थ मेंदूत हळूहळू साठू लागतो. तो जितका जास्त साठेल तितकी पेंग अधिक येते. झोपेत त्याचे प्रमाण पुन्हा कमी होते. ही एक प्रकारची भूकच आहे. सकाळी उठल्यापासून ती वाढत जाते आणि रात्री झोपेने शमते.

आता एक विचार करा. जेवणापूर्वी तासभर आधी तुम्ही पोटभर चिवडा खाल्ला, तर पानावर बसल्यावर भूक लागेल काय? दुपारी दोन-तीन तास ताणून दिली, तर रात्री नेमके हेच होते. दुपारी डोळे फारच मिटू लागले तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी पुरे, आणि तीही तीनच्या आत.

चहाचे काम याहून गमतीचे आहे. चहा-कॉफीतील कॅफीन हे ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसते. झोपेची भूक असतेच, पण मेंदूला तिची वर्दी पोहोचत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीरातून नाहीसे व्हायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे अभ्यासासाठी रात्री आठला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफीन एक वाजताही तुमच्या रक्तात असू शकते! ज्यांना झोप उशिरा लागते त्यांनी दुपारच्या चहानंतर चहा बंद करून पाहावा.

शरीरातील घड्याळ

पण झोपेची भूक एवढीच गोष्ट असती, तर संध्याकाळी सात वाजता आपण सकाळपेक्षा अधिक पेंगुळलो असतो. तसे होत नाही. कारण शरीरात एक घड्याळही चालू असते.

१७२९ साली द मेरां नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिवसा पाने उघडणारी व रात्री मिटणारी लाजाळूसारखी एक वनस्पती अंधारात ठेवली. उजेड नसतानाही तिची पाने ठराविक वेळी उघडत व मिटत राहिली. असेच घड्याळ माणसातही आहे. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतू जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, पेशींचे दोन छोटे पुंजके आहेत. तेच हे मुख्य घड्याळ. पेशींतील घड्याळ कोणत्या जनुकांमुळे चालते, याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून करणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्वित्झर्लंडमधील अलेक्झांडर बोरबेली यांनी १९८२ मध्ये झोपेची भूक आणि हे घड्याळ यांची सांगड घातली. दिवसभर भूक वाढत असताना घड्याळ आपल्याला जागे ठेवण्याचा जोर लावते. रात्री हा जोर ओसरतो आणि झोप लागते. हा जोर सर्वांत जास्त केव्हा असतो, ठाऊक आहे? रोजच्या झोपेच्या वेळेपूर्वीच्या दोन-तीन तासांत! इस्रायलमधील पेरेट्झ लाव्ही यांनी १९८६ मध्ये या काळाला झोपेचा 'निषिद्ध काळ' असे म्हटले.

आता पेपरच्या आदल्या रात्रीचे कोडे सुटले ना? रोज अकराला झोपणारा मुलगा साडेनऊला आडवा होतो, तेव्हा तो नेमका या निषिद्ध काळात झोप मागत असतो.

घड्याळाची किल्ली सकाळी फिरते

मग लवकर झोप येण्यासाठी काय करावे? उत्तर जरा उलटे वाटेल. झोपण्याची वेळ नव्हे, तर उठण्याची वेळ आधी पक्की करावी.

शरीरातील घड्याळ तंतोतंत चोवीस तासांचे नसते. बहुतेकांत ते किंचित मंद चालते. ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि जुळवण्याची किल्ली म्हणजे प्रकाश. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्यांचे मुख्य काम पाहण्याचे नसून, बाहेर दिवस आहे की रात्र हे घड्याळाला कळवण्याचे आहे. निळसर प्रकाशाने त्या अधिक चेततात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकवतो. म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. रात्रीचा प्रखर उजेड ते मागे ढकलतो. अंधार पडू लागला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. रात्र झाल्याची ही दवंडीच म्हणा ना! डोळ्यांवर प्रखर उजेड पडला की ही दवंडी थांबते.

येथे पिंगळीपुरती एक मौज सांगण्यासारखी आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. पिंगळी त्याच्या पश्चिमेस, ७७ अंशांच्या जरा अलीकडे आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा पिंगळीच्या सूर्याला बारा वाजायला सरासरी सुमारे २३ मिनिटे अवकाश असतो. मेअखेर येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, तर जानेवारीत सातच्या जरा आधी. म्हणून हिवाळ्यात पहाटे उठून दिव्याखाली वाचणाऱ्यांनी सूर्य उगवल्यावर पंधरा-वीस मिनिटे अंगणात किंवा शेताकडे अवश्य फिरावे. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट अधिक असतो.

रविवारी दहापर्यंत झोपणे म्हणजे घड्याळाची किल्ली उलटी फिरवणे. मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी उठवत नाही. सुटीच्या दिवशीही उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा अधिक फरक पडू देऊ नये.

शिक्षकांनी व पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तेरा-चौदाव्या वर्षांपासून मुलांचे हे घड्याळ निसर्गतःच थोडे उशिराकडे सरकते. तो आळस नव्हे. या वयात आठ ते दहा तास झोप हवी असते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला, तो मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. मोठ्या इयत्तांचा त्यात समावेश नव्हता. तेव्हा सातच्या शाळेला जाणाऱ्या मोठ्या मुलांना आपली झोप रात्रीच्या बाजूनेच वाचवावी लागते. त्यासाठी निजण्यापूर्वी तासभर दिवा मंद करावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. त्याच्या उजेडापेक्षाही 'आणखी एकच पाहू' हा मोह जास्त झोप खातो.

अंग निवाले की डोळे मिटतात

झोप लागताना शरीराच्या आतले तापमान उतरू लागते. रात्रभरात ते सुमारे एक अंशाने खाली येते. ही उष्णता जाते कोठून? मुख्यतः हातापायांच्या त्वचेतून. तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे उबदार होतात आणि आतील उष्णता बाहेर पडते. ज्यांचे हातपाय असे उबदार होतात त्यांना झोप लवकर लागते, असे बाझेल येथील शास्त्रज्ञांना १९९९ मध्ये आढळले. म्हणून हिवाळ्यात गार पडलेले पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून पांघरुणात घ्यावेत.

उन्हाळ्यात अडचण उलटी. मे महिन्यात परभणीकडे दुपारी पारा चाळिसाच्या वर जातो. पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतात. स्लॅब तर साठवलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो. मग शरीराची उष्णता जाणार कोठे? मराठवाड्यात लोक माळवदावर किंवा अंगणात बाज टाकून झोपत, त्यामागे हेच शास्त्र आहे. मोकळ्या आकाशाकडे उष्णता निघून जाते, आणि बाजेच्या विणीतून वारा पाठीलाही लागतो. घरातच झोपायचे असेल तर दिवसा उन्हाच्या बाजूच्या खिडक्या झाकाव्यात व रात्री उघडाव्यात. निजण्यापूर्वी ओल्या फडक्याने हातपाय पुसावेत. एक ग्रॅम पाणी त्वचेवरून उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी याच रीतीने गार होते. पावसाळी दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, तेव्हा वाऱ्याची किंवा पंख्याची जोड हवी.

मनातली गर्दी

अंग निवाले, दिवा मालवला, तरी मनात उद्याचा पेपर घोळतो आहे. अशा वेळी काय करावे?

एक उपाय वही-पेन्सिलीचा. अमेरिकेत बेलर विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. काही तरुणांना निजण्यापूर्वी पाच मिनिटे पुढे करावयाच्या कामांची यादी लिहायला सांगितली, तर काहींना झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली. कामे कागदावर उतरली की ती लक्षात ठेवण्याचा भार हलका होत असावा.

दुसरा उपाय आपल्या मातीतला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवले आणि अनेकांचा रक्तदाब त्याने उतरल्याचे १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. हा अभ्यास झोपेवरचा नव्हता. पण स्नायू सैल सोडून संथ श्वासाकडे लक्ष दिल्याने शरीराची धावपळ मंदावते, हे त्यातून दिसते. पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव सैल सोडीत जा. झोप आली की नाही, हे मात्र तपासू नका!

तिसरा उपाय अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितला. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवावे. अंथरुणावर बसून अभ्यास केला, खाल्ले, चिंता केली, की मेंदू त्या जागेची सांगड जागेपणाशी घालतो. वीसेक मिनिटे झोप आली नाही असे वाटले, तर उठावे, मंद उजेडात काहीतरी शांत काम करावे आणि डोळे जड झाल्यावरच परत यावे. घड्याळ मात्र पाहू नये.

करून पाहा

एका वहीत पाच रकाने आखा : दिवा किती वाजता मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, सकाळी किती वाजता उठलो, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा केव्हा घेतला. नोंद सकाळी उठल्यावर करावी. पहिले सात दिवस काहीही बदलू नका. पुढचे सात दिवस रोज एकाच वेळी उठा, सकाळी उजेडात फिरा आणि दुपारनंतर चहा टाळा. दोन्ही आठवड्यांत झोप लागायला लागलेल्या वेळेची सरासरी काढून तुलना करा. एकाच वहीवरून निष्कर्ष काढू नका. मधेच हवा थंड झाली असेल किंवा परीक्षा संपली असेल! वर्गातील वीस-पंचवीस जणांच्या वह्या एकत्र केल्या तर शिक्षकांना आलेखाचा एक छान पाठ घेता येईल.

आठवड्यातून तीन-चार रात्री झोप येत नाही आणि असे महिनोन्महिने चालले आहे, किंवा मन सारखे उदास राहते, तर घरी सांगून डॉक्टरांना भेटावे. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने कधीही घेऊ नयेत.

आणि उद्या पेपर असेल तर? आज रोजच्याच वेळी झोपा. कामांची यादी लिहा, पाय पुसा, अंग सैल सोडा. दिवसभर वाचलेले पक्के करण्याचे बरेचसे काम मेंदू झोपेतच करतो. म्हणून रात्र जागून वाचलेली शेवटची दहा पाने महागात पडतात. तरीही एखाद्या रात्री झोप थोडी कमी झाली तर घाबरू नका. एका रात्रीने वर्षभराचा अभ्यास पुसला जात नाही. ही निश्चिंती मनात ठेवून पडून राहा. आजी म्हणते तशी झोप तिच्या वक्ताला येईल.