गाडीवरचा बोजा : बालाघाटात जुनी मोटार घेण्यापूर्वीची कायदेशीर तपासणी

जुन्या मोटारीच्या व्यवहारात कायद्याचा अडसर पाच वाटांनी येतो : फिटायचे कर्ज, चोरी, जप्ती, थकलेला कर किंवा दंड, आणि अर्धवट राहिलेली नोंद. हे पाचही बोजे गाडीच्या मागे लागलेले असतात. मालक बदलला म्हणून ते सुटत नाहीत; नवा मालकच त्यांत अडकतो. इंजिनाचा आवाज, टायरची झीज, ठोकून सरळ केलेला पत्रा हे चांगला मिस्त्री सांगू शकतो. बोजा मात्र नोंदीत शोधावा लागतो, आणि त्यातला एखादा नोंदीतही दिसत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात गॅरेजमध्ये न करता कागदापासून करणे शहाणपणाचे ठरते.

दोन राज्यांच्या सीमेवरचा बाजार

बालाघाट जिल्हा १८६७ साली मध्य प्रांतात तयार झाला. त्यासाठी भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे भाग तोडून जोडले गेले. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वाघ नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. पूर्वेला छत्तीसगड आहे. मराठी, पवारी, हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्या या जिल्ह्यातील अनेक घरांची सोयरीक दोन्हीकडे आहे. गाड्यांचेही तसेच आहे. एमपी-५० हा बालाघाटचा नोंदणी क्रमांक. त्याच रस्त्यावर गोंदियाचा एमएच-३५, नागपूरचा एमएच-३१ आणि राजनांदगावचा सीजी-०८ दिसतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ साऱ्या देशाला एकच आहे. तो १ जुलै १९८९पासून लागू झाला. मोटारीवरचा कर मात्र राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रात १९५८चा आणि मध्य प्रदेशात १९९१चा करकायदा चालतो. नदीपलीकडून आलेल्या गाडीची तपासणी दुहेरी करावी लागते, त्याचे कारण हेच.

आरसी कशी वाचावी

जमीन घेताना बालाघाटचा शेतकरी खसरा आणि बी-१ पाहतो, गोंदियाचा सातबारा पाहतो. मोटारीच्या बाबतीत तेच काम नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आरसी, करते. विकणाऱ्याच्या हातातील कार्डावर विसंबून न राहता केंद्र सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीतील नोंद पाहावी. परिवहन संकेतस्थळावर किंवा ‘एम-परिवहन’ अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, नोंदणी कार्यालय, इंधन, नोंदणीची मुदत, विम्याची मुदत आणि कर्ज देणाऱ्या संस्थेची नोंद दिसते. मालकाचे नाव तिथे अर्धे झाकलेले असते. त्यातली दिसणारी अक्षरे विकणाऱ्याच्या ओळखपत्राशी जुळवून पाहावीत. नोंदीची स्थिती ‘सक्रिय’ असली पाहिजे. ‘काळ्या यादीत’, ‘निलंबित’ किंवा ‘एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) दिलेली’ असा शेरा असेल, तर त्याचे कारण कळेपर्यंत बयाणाही देऊ नये.

आरसीवरचे नाव आणि विकणारा माणूस वेगळे असतील तर नाते विचारावे. मालक वारला असेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर चढली पाहिजे; त्यासाठी नमुना ३१चा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. मुखत्यारपत्र किंवा नोटरी केलेले विक्रीपत्र एवढाच आधार असेल, तर मधल्या एखाद्या खरेदीदाराने गाडी नावावर केलीच नसण्याची शक्यता मोठी असते. एलपीजी किंवा सीएनजीचे किट बसवले असेल, रंग बदलला असेल, किंवा टॅक्सीची खासगी गाडी केली असेल, तर तो बदलही आरसीवर चढलेला हवा.

कर्ज : फिटले तरी नोंद राहते

कायद्याच्या कलम ५१नुसार गाडीवर कर्ज असले की आरसीवर हायपोथिकेशनची नोंद होते. बोलीभाषेत तिला ‘एचपी’ म्हणतात. ही नोंद असेपर्यंत कर्ज देणाऱ्या संस्थेच्या लेखी संमतीशिवाय नाव बदलत नाही.

इथे एक नेहमीची फसगत होते. विकणारा सांगतो, हप्ते संपले. बँकेचे पत्रही दाखवतो. पण हप्ते संपणे आणि एचपी कटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद काढण्यासाठी नमुना ३५वर बँक आणि मालक या दोघांच्या सह्या लागतात आणि तो अर्ज परिवहन कार्यालयात दाखल व्हावा लागतो. बँकेच्या पत्राला बहुधा ठरावीक मुदत असते. ती उलटली की नवे पत्र आणावे लागते. व्यवहारातला सुरक्षित नियम एकच : एचपी विकणाऱ्याने कटवावी, आणि ‘वाहन’च्या नोंदीतून ती गेल्यावरच पूर्ण पैसे मोजावेत. काही कर्ज बाकी असेल तर खरेदीदाराने ती रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरावी आणि पावती घ्यावी.

बँकेने ओढून नेऊन लिलावात काढलेल्या गाड्याही बाजारात येतात. अशा वेळी बँकेने नमुना ३६वर आरसी आपल्या नावे करून घेतली आहे का, ते पाहावे. सरकारी लिलावात घेतलेली गाडी नावावर करण्यासाठी नमुना ३२ असतो.

चोरीची गाडी : चेसिस नंबर

चोरीची गाडी अजाणता घेतली तरी ती खरेदीदाराची होत नाही. वस्तुविक्री कायदा, १९३०च्या कलम २७चा सर्वसाधारण नियम असा की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क खरेदीदाराला मिळत नाही. माल चोरीचा असल्याचे ओळखायला पुरेसे कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हाही होतो. बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत आणि अर्धवट कागद ही अशी कारणे ठरू शकतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नागरिक सेवेत नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक भरून गाडी चोरीच्या नोंदीत आहे का, हे पाहता येते. पण हे क्रमांक आरसीवरून उतरवून चालत नाही. ते गाडीवरून वाचावे लागतात. फसवणुकीची जुनी रीत अशी की अपघातात किंवा पुरात निकामी झालेली गाडी भंगारात घ्यायची, तिची खरी आरसी ठेवायची आणि त्याच मॉडेलच्या चोरलेल्या गाडीवर तो क्रमांक चढवायचा. कायद्याच्या कलम ५५नुसार नष्ट झालेल्या गाडीची माहिती मालकाने १४ दिवसांत कळवायची असते. ती कळवली जात नाही म्हणून हा मार्ग मोकळा राहतो.

चेसिस क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तो मॉडेलप्रमाणे बॉनेटखालच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखालच्या गालिच्याआड ठोकलेला असतो. धूळ आणि ग्रीस फडक्याने पुसून दिवसाउजेडी पाहावा. सगळी अक्षरे एका उंचीची, एका खोलीची आणि एका ओळीत हवीत. भोवतालचा पत्रा घासलेला, नवा रंग दिलेला किंवा वेल्डिंगच्या रेघेने वेगळा पडलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा. क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. परिवहन कार्यालयाच्या अर्जावर असाच ठसा लावायची पद्धत आहे. उघड्या डोळ्यांना न दिसलेली खोडाखोड या ठशात उठून दिसते.

जप्ती : आरसी न सांगणारा बोजा

बालाघाटसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. जिल्ह्यात सागवान आणि बांबूचे जंगल आहे, कान्हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वैनगंगेची वाळू आहे आणि दोन राज्यांच्या सीमा आहेत. लाकूड, वाळू किंवा दारू यांच्या अवैध वाहतुकीत गाडी सापडली की केवळ दंडावर भागत नाही. भारतीय वन कायदा, १९२७च्या कलम ५२मध्ये मध्य प्रदेशाने केलेल्या दुरुस्तीमुळे वन विभागाचा प्राधिकृत अधिकारी गाडी राजसात, म्हणजे सरकारजमा, करू शकतो. मध्य प्रदेश अबकारी कायदा, १९१५च्या कलम ४७-अ खाली ५० बल्क लिटरपेक्षा जास्त दारू सापडली तर असाच अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. २०१९ साली मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की वन कायद्याखाली राजसातीची कारवाई सुरू झाल्याची सूचना मिळाल्यावर दंडाधिकाऱ्याला ती गाडी सोडण्याचा अधिकार राहत नाही.

इतर गुन्ह्यांत जप्त झालेली गाडी न्यायालय बहुतेक वेळा मालकाला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे अटींचे हमीपत्र लिहून घेऊन, परत देते. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले होते की जप्त गाड्या पोलीस ठाण्यात सडू देऊ नयेत. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ आणि ५०३मध्ये आहे. सुपुर्दनाम्यात सर्वसाधारणपणे अट असते की खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, तिचे रूप बदलायचे नाही आणि बोलावल्यावर ती न्यायालयात हजर करायची. गाडी मालकाच्या दारात असते, आरसी त्याच्या नावावर असते, एचपी कटलेली असते आणि ‘वाहन’मध्ये कदाचित काहीच शेरा नसतो. तरीही ती विकण्याचा त्याला हक्क नसतो.

हा बोजा शोधण्याचे साधे उपाय तीन. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने बालाघाट आणि गाडी जिथे फिरत होती त्या जिल्ह्यातील खटले पाहावेत. विकणारा ज्या ठाण्याच्या हद्दीत राहतो तिथे चौकशी करावी. आणि गाडी कोणत्याही गुन्ह्यात जप्त झालेली नाही, सुपुर्दनाम्यावर नाही, असे विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. खोटे लिहून देणारा पुढे फसवणुकीच्या आरोपातून सहज सुटत नाही.

कर, चलान आणि वय

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. १ एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारीसाठी २०२५मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. चौदा वर्षांची गाडी स्वस्तात मिळत असेल तर हा खर्च त्या किमतीत धरूनच बोलणी करावी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये दुजोरा दिला. त्यावरचे आदेश पुढे बदलत राहिले. पण तिकडची गाडी इथे येते तेव्हा तिच्या कागदांत एनओसी आहेच का, हे आधी पाहावे.

ई-चलान केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावर दिसतात. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांचे संकेतस्थळ वेगळे आहे, म्हणून एमएच क्रमांकाची गाडी दोन्हीकडे तपासावी. थकलेल्या चलानामुळे नाव बदलण्याचा अर्ज अडतो. सप्टेंबर २०२१पासून आलेल्या बीएच (भारत) मालिकेच्या गाडीचा कर दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो. तो कुठपर्यंत भरला आहे हे विचारल्याशिवाय भाव ठरवू नये.

नदीपलीकडची गाडी : एनओसी

गोंदियातून किंवा नागपुरातून आणलेली गाडी बालाघाटात १२ महिन्यांहून अधिक काळ राहणार असेल, तर कलम ४७नुसार तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाची एनओसी लागते. अर्ज नमुना २८चा. कलम ४८नुसार ती देण्यापूर्वी कार्यालयाने पोलिसांकडून चोरीची तक्रार नसल्याचा अहवाल घ्यायचा असतो आणि कर व सरकारी देणी भरल्याची खात्री करायची असते. त्यामुळे खरी एनओसी ही आधीच्या पुष्कळशा तपासणीची पावतीच असते. ती खरी आहे की नाही हे ‘वाहन’मधल्या नोंदीवरून पडताळावे. मध्य प्रदेशात गाडीच्या वयानुसार कर भरावा लागतो आणि महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो. हा परतावा कोणाचा, हे व्यवहारातच लिहून ठेवावे.

नाव बदलेपर्यंत मालक जुनाच

गाडी दिली, पैसे घेतले, मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३०वर कोऱ्या सह्या करून दिल्या, की व्यवहार संपला असे अनेक जण मानतात. कायदा तसे मानत नाही. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात प्रकरणात हे पुन्हा सांगितले. त्या गाडीची नाव न बदलता एकामागून एक विक्री झाली होती. तरी नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावरच आली. विकणाऱ्याच्या हिताचीही ही बाब आहे : नाव बदलून दिले नाही तर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताचे पैसे त्याला भरावे लागतात.

कलम ५० नुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत विक्री कळवायची असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विम्यातील तिसऱ्या पक्षाचे संरक्षण कलम १५७मुळे नव्या मालकाकडे आपोआप जाते, मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. म्हणून १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. दुकानदाराकडून गाडी घेत असल्यास त्याचे अधिकारपत्र मागावे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाकडून ते घ्यावे लागते, आणि मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९-सीने जाते.

पैसे कधी द्यावेत

क्रम असा ठेवावा : आधी ऑनलाइन नोंद, मग चेसिस, मग खटले आणि चलान, मग एचपी आणि एनओसी. बयाणा द्यायचा तर लेखी पावतीवर आणि बँकेतून द्यावा. मोठा हप्ता बोजे उतरल्यावर द्यावा आणि काही रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवावी. एवढे करूनही बोजा निघालाच तर वस्तुविक्री कायद्याच्या कलम १४नुसार विकणाऱ्याला विक्रीचा हक्क असणे ही विक्रीची गर्भित अट आहे. ती मोडली तर पैसे परत मागता येतात. दुकानदाराविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. खासगी विक्रेत्याविरुद्ध दिवाणी न्यायालय आणि फसवणूक असेल तर पोलीस ठाणे हे मार्ग आहेत. या सर्व मार्गांना वेळ आणि पैसा लागतो. आधीची तपासणी मात्र बहुतांशी फुकट होते. म्हणून ती पैसे देण्यापूर्वी करावी.